घरचा कापूस

नैराश्य भरात असताना, उतरताना आणि उतरल्यावर मेंदू कसकसा दिसतो, याचा आमच्या डॉक्टरीणबाई अभ्यास करताहेत. नैराश्य माझं, म्हणून वर्षभरात तीनदा वर्ध्याला एमआरआयच्या मशीनमध्ये मीच झोपलो. मशीन चालवणाऱ्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते समुद्रपूरचे, एवढं मात्र ते दर वेळी सांगत, कारण पेशंटच्या कानात घालायला ते स्वतःच्या शेतातला कापूस आणत. "दवाखान्याचे बोळे काय कामाचे जी? हा घरचा हाय!" मग करदोडा काढायला लावत आणि बजावत, "डोक्यात काही आणू नका, फोटोत येते."

पहिल्या दोन्ही वेळी मी ओंडक्यासारखा पडून राहिलो. हलायचीसुद्धा इच्छा नव्हती. ते खूश. "असा पेशंट पाह्यजे!"

तिसऱ्या वेळी ते माइक बंद करायला विसरले. मशीनच्या ठोक्यांतून, घरच्या कापसातून त्यांचं फोनवरचं बोलणं थेट माझ्या कानात आलं, "अवं, माणूस मशीनमंधी हाय! पण आज बी वांगेच काऊन केले?"

मी खदखदून हसलो. फोटो पार बिघडला. ते तणतणत आत आले. "काऊन हालले जी तुम्ही? आता पुन्हा काढा लागन न!" आणि कागदावर, फोटो बिघडल्याच्या कारणाच्या रकान्यात, त्यांनी रागानं दाबून लिहिलं : पेशंट हसला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे सगळे फोटो बाजूला सारले आणि तो कागदच कितीतरी वेळ पाहत बसल्या.