दहा बोटांची हरकत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर माझ्या खिशातली सुपारीही कधी लपली नाही.

इंग्रजांच्या अमदानीत मी इंझोरीत शाळामास्तर होतो. करीम माझा जिवलग. हंगामात कारंज्याच्या कापसाच्या जिनात इंजिनावर असायचा, एरवी गावात. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि बोलायचा काय? इंजिन, इंजिन आणि इंजिन. वैताग यायचा. पण एखाद्या दिवशी आला नाही, तर मला जेवण जायचं नाही — इतका तो मला प्रिय होता.

त्यानं एक जुनं तेलाचं इंजिन घेतलं. शेलूबाजारात पिठाची चक्की टाकायची, बायांच्या हातचं जातं सोडवायचं आणि बिऱ्हाडही तिकडेच हलवायचं. पण इंजिन लावायचं तर सरकारी परवाना हवा. त्याचा अर्ज मीच लिहून दिला. चांगला लिहिला, खोटं कशाला बोलू? मग कचेरीनं जाहीरनामा लावला — शेजारपाजारच्या कुणाची हरकत असेल तर कळवावी.

हरकत कुणाचीच नव्हती. बाया तर वाट पाहत होत्या. हरकत होती ती माझ्या एकट्याची — तो जाऊ नये, एवढीच. पण असली हरकत सरकार कशाला ऐकतंय?

म्हणून मी दुसरीच लिहिली. धडधडीनं घरं हादरतील, ठिणग्यांनी कडब्याच्या गंज्या पेटतील. खाली शेलूबाजारच्या दहा माणसांची नावं, सगळी मनानं रचलेली. सही येत नसेल त्याचा अंगठा चालतो — पण दहा अंगठे आणू कुठून? मी माझीच दहा बोटं शाईत बुडवली आणि एकेका नावापुढे एकेक टेकवलं. करंगळीसुद्धा. कचेरीत एवढं निरखून पाहतं कोण?

परवाना नामंजूर झाला. करीमनं इंजिन विकलं आणि जन्मभर दुसऱ्यांच्या इंजिनांना तेल घातलं. गावातच राहिला. रोज ओट्यावर यायचा आणि विचारायचा, "मास्तर, सरकारले माही चक्की कायले खुपली असंन?" आणि मी — मी "सरकारच ते" म्हणून मान हलवायचो. त्याच्याबरोबर शिव्याही दिल्या मी सरकारला.

एक राहिलंच. हरकत टपालात टाकली, त्याच संध्याकाळी तो आला होता. माझी काळी बोटं त्याला दिसली. मी झटकन हात मागे घेतले. तो मात्र हसला — त्याला वाटलं, मी त्याच्या अर्जाच्या नकला करत बसलो होतो.

"माह्यापायी किती लिवता, मास्तर! आना इकडं हात."

खांद्यावरचं फडकं त्यानं कंदिलाच्या रॉकेलात भिजवलं आणि माझं एकेक बोट चोळून चोळून पुसलं. मी दोन्ही हात पुढे करून बसून राहिलो.