आबांच्या खाटेचा कोपरा

सुधाच्या आबांबद्दलची ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकत होते. भोसरीहून बसनं जायचं, हातात कागदांची लांब गुंडाळी, आणि डोक्यात — खोटं कशाला बोलू — हवा. एकदा सरांनी सांगितलं, लहान जागेत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची खोली मोजा आणि ती सुधारून दाखवा. मी मैत्रिणीचं, सुधाचं घर निवडलं. एकच खोली, पुढे ओटा.

तिचे आबा, म्हणजे वडील, फाउंड्रीत लोखंड ओतायच्या कामाला होते. छातीचं दुखणं जडलं आणि काम सुटलं. कोपऱ्यातल्या खाटेवर दिवसभर खोकत असायचे, खाटेखाली थुंकीचं भांडं. मी टेप घेऊन सगळी खोली मोजली — त्या कोपऱ्याकडे मात्र गेले नाही. किळस आली. हो, किळसच. दुसरा कुठला शब्द वापरू?

कोपरा मोजलाच नव्हता, तर तिथे खाट कशी दाखवणार? अंदाजानं भिंत ओढली, बसायला एक गादी काढली, शेजारी कुंडी. सरांनी वर्गासमोर कौतुक केलं, जागा किती मोकळी केलीस म्हणाले. मी मिरवत तो कागद सुधाकडे घेऊन गेले.

आबांनी तो बराच वेळ पाहिला. "पोरी, यात माझी खाट न्हाई?"

एवढंच म्हणायचं होतं — आबा, चुकले. पण सुधा बघत होती. मी म्हणाले, "खाट बाहेर ओट्यावर घेतली की खोली अशी होते, आबा. तुम्हालाही हवा मिळेल."

"व्हय? तू शिकल्याली हायेस, तुला कळतं."

खाट बाहेर गेली. वर पत्रा, बाजूला पोती बांधलेली, आणि दिवस थंडीचे. सुधाची आई विनवून थकली, आबा ऐकेनात. उलट आल्यागेल्याला आतली मोकळी खोली दाखवायला लावायचे. मी रोज त्यांच्यासमोरून बस पकडायला जात होते. खाट आत घ्या, एवढं म्हणायला काय लागत होतं? शब्द ओठांवर यायचे — आणि मी गिळायची. माझी लबाडी उघडी पडली असती, बाकी काही नाही.

थंडी सरायच्या आत आबा गेले. ओट्यावरच.

सुधा अजून भेटते. विषय निघाला की म्हणते, "तू त्यांच्या भल्यासाठीच सांगितलं होतंस गं. हट्टी तेच."

मी मान डोलावते.