एक हात रिकामा

बाळंतिणीच्या घरी ती आली की आधी बाळाकडं बघायची नाही, गाठोड्याकडं बघायची. पोराला घेऊन कुणी कुठं निघालेलं दिसलं की दारातच उकिडवी बसायची, गाठ सोडायची आणि विचारायची, "ह्यातलं पोराचं कोंचं, आन् लोकास्नी दावायचं कोंचं?"

सगळी आळी तिला आत्या म्हणायची. मूळची माणदेशाकडची, मेंढरं वळणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर कराडच्या खाली, कृष्णेकाठच्या आमच्या गावात येऊन राहिली. आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं खोपट. बाळंतपणं करायची. मेंढरांमागं चालता चालता बाई बाळंत होते आणि दोन दिवसांत तळ हलतो, असल्या ठिकाणी तिचा हात बसलेला. तोंडात दात दोन, पण शिव्या सगळ्या शाबूत.

"पोर घिऊन भाईर पडायचं तर येक हात पोराचा, येक हात रिकामा." हे तिचं पालुपद. तुम्हीही अशी एखादी बाई बघितली असेल. तिचं ऐकताना हसू येतं आणि ऐकलं नाही की रडू.

लढाईचे दिवस होते. मी पलटणीत होतो, रजेवर आलेलो. बायको नुकती बाळंत झालेली. तिला आई नव्हती, म्हणून पहिलंच असून बाळंतपण आमच्याच घरी झालं, आत्याच्या हातानं. बापाचं बोट धरून वाढलेली ती. आणि तोच बाप पलीकडच्या काठाला अंथरुणाला खिळलेला. एक दिवस निरोप आला, 'म्हातारं आज हाय, उद्या न्हाई. नातवाचं तोंड दावा.'

सव्वा महिना झालेला नव्हता. श्रावण चालू, नदी भरून चाललेली. आई म्हणाली, "वली बाळंतीण काय नदीपार करतूस?" बायको पोराला पाजत नुसती दाराकडं बघत राहिली. आत्या म्हणाली, "जाऊ द्या तिला वैनी. बाप काय सव्वा म्हैना थांबायचा न्हाई."

आईनं हो म्हटलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. आमची आई म्हणजे मानाची बाई. व्याह्याच्या दारात सून रिकामी गेली तर लोक काय म्हणतील? कापड मिळत नव्हतं त्या काळात जपून शिवलेली दुपटी, टोपडी, गुटी उगाळायची सहाण, डिंकाचे लाडू, शेगडी, धुरीला शेण्या, आणि पोराला न्हाऊ घालायचं पितळी घंगाळ. ते तर आईच्या लग्नातलं.

आत्या बसली आणि एकेक बाहेर काढायला लागली.

"सहाण? त्या गावात दगुड न्हाईत व्हय? शेण्या? तिकडच्या म्हशी काय हागत न्हाईत?"

"आवं आत्या, पण दिसायला काय तरी..." आई म्हणाली.

"दिसायला पोरगं हाय की!"

मी मध्ये पडलो. म्हटलं, "आत्या, मी पलटणीतला गडी. पाठीवर मणभर वज्झं घिऊन चालतो मी."

"तू चाल गाढवा. तुज्या छातीला पोर लटाकलंय काय?"

शेवटी राहिलं काय? जुन्या मऊ लुगड्याचे फाडलेले तुकडे, एक कुंची, वेखंडाचं कुडकं. "दूद तर अंगावरच हाय," आत्या म्हणाली. पोराला तिनं बायकोच्या छातीशी आडवं बांधलं आणि तिचा उजवा हात मनगटाला धरून हलवून बघितला. "ह्यो मोकळा ठिवायचा. कुणी कायबी दिलं तरी ह्यात घ्यायचं न्हाई."

आमच्याकडं तेव्हा नदी पार करायची ती काहिलीतून. काहील म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई. गुऱ्हाळं बंद झाली की पावसाळ्यात ती पाण्यात उतरायची. दोघं पोहणारे कड्या धरून ढकलत न्यायचे. आम्ही काठावर आलो तर आईनं पुढं धाडलेलं घंगाळ आमच्या आधीच काहिलीत जाऊन बसलेलं!

मध्यावर धार लागली. काहील गरगर फिरली. घंगाळ घरंगळत बायकोच्या अंगावर आलं, तिची बाजू खाली गेली, पाणी आत आलं. मी समोर. पोहणारा ओरडला, "पावणं, हलू नगा! उठलासा तर समदीच जाशिला!" मी जागीच थिजलो. बायकोनं डाव्या हातानं पोर आवळलं, आणि उजव्या हातानं ते घंगाळ काहिलीच्या काठावरून रेटून दिलं नदीत ढकलून. काहील सरळ झाली.

पलीकडं उतरल्यावर ती हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटलं, भ्याली. तर म्हणते, "आता आत्याबाईस्नी काय सांगू वं?" सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

सासऱ्यांना हात उचलवत नव्हता. पोर त्यांच्या छातीवर ठेवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "नाक आमचं हाय." पोराला तिथं काथवटीत न्हाऊ घातलं, ज्यात भाकरीचं पीठ मळतात त्यात. काही बिघडलं नाही. सासऱ्यांनी पुढं फार दिवस काढले नाहीत, पण लेकीची भेट झाली.

परत आल्यावर बायकोनं घंगाळाचं सांगितलं, तशी आई भिंतीकडं तोंड करून बसली. आत्या तिच्या शेजारी टेकली. "वैनी, गेलं त्ये दिसतंया. ऱ्हायलं त्येबी बगा की." आईनं मग पदर तोंडाला लावला आणि पोराला मांडीवर घेतलं.

लढाई संपली, मी कायमचा घरी आलो. पोर चालायला लागलं. एका वर्षी पावसाच्या तोंडाला आत्याच्या भावाची मेंढरं माणदेशाकडं परत निघाली, तशी तीही निघाली. "आता हात कापतुया. कापत्या हातानं नाळ कापू ने." बायकोनं नवं लुगडं दिलं, ते तिनं घेतलं नाही. पोराला मात्र कडेवर घेतलं आणि शिवेपर्यंत तशीच चालत आली. आम्ही दोघं मागं.

शिवेवर तिनं पोर बायकोच्या हातात दिलं. मग ती तशीच उभी राहिली. दोन्ही हात रिकामे. ते कुठं ठेवावेत ते तिला कळेना. एकदा पदर सारखा केला, एकदा कमरेवर ठेवले, मग पाठीमागं बांधले आणि गेली.

बायकोला जाऊन आता वर्ष होईल. तिची पेटी उघडली तर मूठभरच निघालं, दोन लुगडी आणि ती कुंची. आवरायला वेळ लागला नाही. आवरून झाल्यावर मीही तसाच उभा राहिलो, आणि मला शिवेवरचे ते हात आठवले.