एका सेंटवरची फट

लिहिण्याचा मला काय अधिकार! आमच्या घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करावं. पण मेसमध्ये चिंच कोळल्याचा वास आला की मला दुबईच्या 'बर दुबई' भागातली बाबांची खोली आठवते. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे गेलो होतो. बाबांच्या शेजारच्या खाटेवरचे काका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होते. पाहुण्यांच्या खिशांत राहिलेले, कोणी परत न मागितलेले अमेरिकन सेंट, म्हणजे तांबूस सुटी नाणी, ते चादरीवर रंगाप्रमाणे मांडत. काही लालभडक, काही विटकरी, काही तपकिरी, एकावर तर चक्क जांभळी झाक. "तांबं हळूहळू रंग धरतं. दोन नाणी सारखी म्हातारी होत नाहीत," काका म्हणाले आणि मी बघतच राहिलो. भिंगातून पाहताना एका नाण्यावर 'अमेरिका' या इंग्रजी शब्दातली पहिली दोन अक्षरं मला सुटी दिसली. इतर नाण्यांवर ती जवळजवळ चिकटलेली होती. "काका, इथे फट आहे!" "यल्ला, चल दाखव! हे फार क्वचित सापडतं रे." ती फट त्यांना स्पष्ट दिसावी म्हणून, ते ड्युटीवर गेल्यावर, आई तांब्या घासते तसं मी ते नाणं चिंचेने लख्ख घासलं. परत आल्यावर काका ओरडले, "अरे शहाण्या, हे काय देवघरातलं ताम्हण आहे? रंग खलास! आता ही फट कोणी कोरलेली नाही, हे कोण खरं मानणार?" तरीही त्यांनी नाण्याचा फोटो अमेरिकेतल्या एका जाणकाराला पाठवला. गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. उत्तर आलंय, रंग गेला तरी फट अस्सल आहे, आणि काकांनी नाण्याच्या पाकिटावर 'शोधणारा' म्हणून माझं नाव लिहिलंय.