पट्टीखालची ओळ

"वाचू नका भाऊ, करून दाखवा." संगणकाशी बसलेल्या कारकुनांना एवढं म्हणून ताई कागदावर लाकडी पट्टी ठेवत आणि खालच्या सगळ्या ओळी झाकून टाकत. एक ओळ करून झाली की पट्टी बोटभर खाली सरके. पुढचं डोकावून पाहायची सोय नव्हती.

नव्वदीच्या अखेरीस जालन्यात बियाणे कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी कामाला होतो. कोणत्या गावात कुणाचा बियाण्याचा प्लॉट, पेरणी कधी झाली, उगवण किती, अशा नोंदी त्यात होत. ते कसं वापरायचं याची मराठी पुस्तिका मी लिहायचो. छापण्याआधी ती तपासायची बैठक आमच्याच कचेरीतल्या ताई भरवत. सॉफ्टवेअर बनवणारे इंजिनिअर साहेब, एखाद्या बियाणे-डेपोचे कारकून आणि मी, या तिघांना एका टेबलाशी आणून बसवायचं. ज्यांनी कधी अशी बैठक भरवली असेल ते सांगतील, त्यापेक्षा लग्न जुळवणं सोपं.

इंजिनिअर साहेबांना कधी वेळच नसे. न वाचताच प्रत्येक पानावर 'बराबर' लिहून ते सही ठोकत. एकदा ताईंनी मधल्याच एका पानावर ओळ घुसडली, 'येथे संगणकाला पाणी पाजावे.' पान सहीसकट परत आलं. ताईंनी पेलाभर पाणी आणून साहेबांच्या संगणकाशेजारी ठेवलं आणि ते पान पुढे सरकवलं. साहेबांनी त्या दिवशी सगळी पुस्तिका जागेवर बसून वाचली.

माझाही ताठा असाच उतरला. 'माहिती जतन करा' हे मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. कुंभार पिंपळगावच्या डेपोतले कारकून, सगळे त्यांना मामा म्हणत, बैठकीला आले होते. पट्टी त्या ओळीवर आली तसे मामा उठले, फ्लॉपी बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

"झाली जतन," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत.

"मामा बिलकुल बराबर करून राह्यले, भाऊ. तुमचं चुकलं."

"अहो ताई, पण जतन म्हणजे..."

"ते तुम्हाला ठाऊक. कागदावर कुठं लिव्हलंय?"

ती ओळ मला चारदा लिहावी लागली, तीही मामांच्या देखत. खोटं कशाला बोलू, मला ते फार लागलं.

दोन-तीन महिन्यांनी मालकांनी मला आत बोलावलं. कामं कमी झाली होती, एक माणूस कमी करायचा होता, हे मला माहीत होतं. "या बैठकांत आठ-आठ दिवस जातात. ताईंशिवाय चालेल का रे?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," मी म्हणालो. "साहेब वाचतातच आता."

ताई जाफराबादला आपल्या घरी निघून गेल्या. निघताना "घाई करू नका, भाऊ" एवढंच म्हणाल्या. पुस्तिका लवकर छापून येऊ लागल्या. डेपोंतून फोनही येऊ लागले. एकच ओळ फोनवर पाच-पाचदा समजावताना मला त्यांची फार आठवण यायची.

काही वर्षांनी कचेरी बंद झाली. खोकी बांधता बांधता मालक सहज बोलून गेले, "तुझ्या आधी मी ताईंना विचारलं होतं. दोघांतला एकच ठेवता येईल, कुणाला ठेवू? तर म्हणाल्या, 'भाऊंना राहू द्या, ते शिकून राह्यलेत. मी करंन कुठंबी काम.' तरी म्हटलं, तुलाही विचारून पाहावं."

माझ्या हातातली सुतळी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी जाफराबादची एसटी धरली. वाटभर एकच वाक्य जुळवत होतो, माफीचं. ते काही धड जमत नव्हतं. विचारत विचारत घर सापडलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई ज्वारी निवडत बसली होती. मी ताईंचं नाव घेतलं.

"त्या व्हय? त्या मागच्या पोळ्यालाच गेल्या की."

"कुठं गेल्या?" मी विचारलं.

तिने सूप खाली ठेवलं. ओटा पदराने झटकला आणि मला बसायला पोतं अंथरलं.