शेगडीजवळचं शून्य

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तकं बरीच वाचली होती, अक्कल तेवढी कमी पडली.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कापडगिरणीत मी उपकरणं दुरुस्त करायचो. कापडावरची लव जाळायला लागणारा गॅस गिरणीच्याच गॅसघरात कोळशापासून बनायचा, आणि हे विष त्यातच असायचं. महिन्यातून एकदा भट्टी बंद करून नळांखालचा खड्डा साफ करावा लागे. त्याआधी आतली हवा मापायला एक पेटी होती. रबरी फुगा दाबून हवा ओढायची आणि काटा बघायचा. काटा तांबड्या खुणेच्या अलीकडे थांबला, तरच माणूस उतरायचा. त्याआधी मात्र स्वच्छ हवेत काटा शून्यावर लावायचा.

स्वच्छ हवा म्हणजे पटांगणातल्या लिंबाखालची. वैशाखात तिथवर जाताना चपला तापायच्या. म्हणून आम्ही सगळेच चहाच्या शेडमध्ये शून्य लावायचो. तिथं सावली होती, टेबल होतं, चहाही मिळायचा. बाजूला कोळशाची शेगडी धगधगत असे. त्या दिवशी वारा अगदी पडला होता, तरी मला काही सुचलं नाही.

खड्ड्यात उतरणारा पन्नाशीचा माणूस दुधनीकडचा होता, घरात कानडी बोलणारा. मला तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. कमरेला दोर बांधून झाला की एवढंच विचारायचा. त्या दिवशीही विचारलं.

"तम्मा, काटा काय म्हनतो?"

"तांबड्याच्या अलीकडे आहे, अण्णा."

"मग भ्या न्हाय. तू सांगितलास की झालं."

जेवणाचा भोंगा झाला तरी तो वर आला नाही. दोर ओढून त्याला बाहेर काढलं तेव्हा अंग कोमट होतं आणि गाल लालबुंद. नुकताच झोपलाय असं वाटत होतं. डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साहेब पेटी तपासणार होते. ते यायच्या आधी मीच ती उघडली. बॅटरी ठीक, फुगा ठीक, जाळी साफ. मग पहिल्यांदाच ती लिंबाखाली नेली आणि फुगा दाबला. काटा शून्याच्याही खाली घसरला आणि तिथंच टेकून राहिला. शेगडीच्या विषारी हवेलाच मी शून्य म्हटलं होतं. खड्ड्यातलं विष तेवढंच कमी दिसलं होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पेचकस काढला आणि काटा शून्यावर आणून ठेवला. साहेबांनी तपासून "उपकरण निर्दोष" असा शेरा मारला. मी पेटी उचलून कपाटात ठेवली. भित्रा होतो, दुसरं काय!

आठवड्याने अण्णाची बायको कपडे न्यायला आली. चहाच्या शेडमध्ये मी सदरा आणि जेवणाचा डबा तिच्या हातात दिला. माझे डोळे भरलेले पाहून तीच मला समजावू लागली.

"रडू नका, भाऊ. ह्यांचा लई विश्वास व्हता तुमच्यावर. त्या दिवशी निघताना म्हनले, आज काटा बघाय आपला तम्मा हाय, काळजी न्हाय."

सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं.

"चहा घेता?" मी विचारलं.

तिने मान डोलावली आणि डबा मांडीवर घेऊन शेगडीजवळ बसली.