नेलपॉलिशचे ठिपके

नेलपॉलिशचा वास आला की वडिलांनी फौजेत असताना घेतलेला अॅम्प्लिफायर आठवतो. आष्ट्याच्या मेकॅनिककडे दुरुस्तीला देताना, तो आतले अस्सल भाग बदलेल या संशयाने, मी प्रत्येक भागावर बहिणीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. दुरुस्तीनंतर दुकानात त्याने तो वाजवून दाखवला. घरी येताच मी झाकण उघडून ठिपके तपासले. सगळे जागेवर होते. मग लावला, तर आवाजच नाही. तरीही "माल बदलला असणार," असे म्हणत मी तो परत नेला. मेकॅनिकने आतली सुटलेली तार दाखवली. "ठिपकं बघताना तार वडली न्हवं? आमी कवाच बघितल्यात. लय देखणं हायत, गड्या." अॅम्प्लिफायर आजही वाजतो. ठिपके पुसायचे, तर झाकण पुन्हा उघडावे लागेल.